सहाव्या मजल्यावरचा ऑगस्ट

इर्मा बोतेरोची आणि माझी ओळख चॉकलेटच्या कारखान्यातली. एकाच टेबलाला समोरासमोर बसून आम्ही वीस-बावीस वर्षं चॉकलेटं सोनेरी कागदात गुंडाळली. त्या खोलीत उन्हाळा कधी आलाच नाही. माल वितळू नये म्हणून बारा महिने तिथे इतका गारवा ठेवायचे, की जुलैतसुद्धा आम्ही लोकरीच्या बंड्या घालून बसायचो आणि जेवणाच्या सुट्टीत हात शेकायला रस्त्यावर जायचो.

"चॉकलेटाचे काय लाड आहेत बघ," इर्मा म्हणायची. "आपल्याला कुणी एवढं जपेल का गं?"

पुढे तिने आणि रेमोने आमच्याच इमारतीत घर घेतलं. तोरिनो शहरात, नदीच्या अलीकडे, वांकीलिया भागात. मी दुसऱ्या मजल्यावर, ती सहाव्या, म्हणजे अगदी वरच्या. डोक्यावर थेट कौलं. जागा लहान, पण खिडकीतून नदीपलीकडची टेकडी दिसायची. रेमो ट्राम चालवायचा. उभं आयुष्य गर्दीत काढलेल्या माणसाला घरी आल्यावर उंचावर बसून टेकडी बघायची हौस होती. आणि तेव्हा उन्हाळा म्हणजे काय, पंधरा दिवसांचा पाहुणा. आता तो जूनमध्ये सामान घेऊन येतो आणि सप्टेंबरपर्यंत हलत नाही.

रेमोला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिलं ते 'हो', 'नाही', 'इर्मा' आणि एक अख्खं वाक्य. ट्राममध्ये चढणारी माणसं दारातच कोंडाळं करून उभी राहत, त्यांना तो जन्मभर ओरडून सांगत आला होता, "पुढे सरका, जागा आहे!" बाकीची भाषा पुसली गेली, हे एवढं शिल्लक राहिलं. भूक लागली की तेच, पाठ दुखली की तेच, टीव्हीवर फुटबॉलमध्ये आपला संघ हरला की तेच. इर्माला त्यातला नेमका अर्थ कळायचा. मला कधी कळला नाही.

आमची लिफ्ट जुनी. जिन्याच्या मधोमध लोखंडी जाळीचा उभा पिंजरा आणि त्यात लाकडी पेटी. दोन माणसं पोटं आत घेऊन उभी राहतील एवढीच. चाकाची खुर्ची तिच्यात जात नाही. त्यामुळे रेमो एकदा दवाखान्यातून वर आला तो वरच राहिला. रुग्णवाहिकेचे स्वयंसेवक त्याला खुर्चीला बांधून खाली आणत ते फक्त तपासणीपुरतं. आणि रेमो वर, म्हणून इर्माही वर. सकाळी दोरीना नावाची रोमानियाची बाई मदतीला यायची, त्या वेळात इर्मा बाजार उरकायची. बाकी दिवसभर तिला बाहेर पडायला मिळायचं ते दहा मिनिटं. तिची प्रत्येक गोष्ट दहा मिनिटांची. ब्रेड दहा मिनिटं, औषधं दहा मिनिटं. एकदा चर्चमधून येताना मी तिला म्हटलं, "चल, एक कॉफी घेऊ." तर माझ्याकडे असं बघितलंन, जसं काही मी तिला जहाजाने जग फिरायला चल म्हटलं होतं.

मग ते उन्हाळे सुरू झाले.

सहाव्या मजल्यावरची युद्धाची तयारी मी पाहिलेली आहे. पहाटे उजाडायच्या आत सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, सूर्य टेकडीवर आला की लाकडी झडपा घट्ट लावून घ्यायच्या, त्या संध्याकाळपर्यंत उघडायच्या नाहीत. दिवसभर घरात अंधार. स्वयंपाक पहाटेच, म्हणजे भात उकडून गार करायचा, त्यात ऑलिव्ह, टूना, काकडी घालायची आणि दोन्ही वेळा तेच खायचं. दारांवर ओल्या चादरी. पंख्यापुढे गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. रेमोचा पलंग तिने निजायच्या खोलीतून ओढत ओढत बोळात आणला होता, कारण बोळाला बाहेरची भिंत नाही. इतकं करून दुपारी कौलं तापली की छतातून ऊब खाली उतरायची. भिंतीला हात लावला तर ताप चढलेल्या माणसाच्या कपाळासारखी भिंत. आणि रेमोला घाम यायचा नाही नीट. त्याची आजारी बाजू कोरडी राहायची. इर्मा दर थोड्या वेळाने ओल्या फडक्याने त्याला पुसायची, आधी डावा हात, मग उजवा, मग मान, आणि संपलं की परत पहिल्यापासून.

तुम्ही म्हणाल, एसी का नाही लावला? तिनेही तो लावायचं ठरवलं होतं. मुलगा एलिओ बेल्जियममध्ये असतो, त्याने आधी एक चाकांवरचा एसी पाठवला, जाड नळीवाला. तो लावला आणि त्याच वेळी फ्रिज सुरू झाला की घराचा मेन स्विच धाडकन पडायचा. स्विच पडला की रेमोच्या हवेच्या गादीची मोटर बंद, आणि गादी बसली की त्याच्या पाठीला जखमा. तो एसी परत गेला. मग पक्का बसवायचा ठरवला तर त्याचा बाहेरचा डबा लावायला जागा एकच, अंगणाकडची भिंत. त्याला इमारतीच्या सभेची परवानगी हवी. आणि सभेत पेरोना उभा राहिला.

पेरोना पाचव्या मजल्यावर, बरोबर इर्माच्या खाली. शाळेत भूमिती शिकवायचा. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यापासून आक्षेप घेणं हाच त्याचा उद्योग. सायकली कुठे लावायच्या यावर आक्षेप, कुंड्यांवर आक्षेप, नाताळच्या दिव्यांवर आक्षेप.

"बोतेरोबाई, तो डबा माझ्या निजायच्या खिडकीच्या डोक्यावर येणार," तो म्हणाला. "घरघर चालणार, पाणी ठिबकणार. मी माझ्या घरात झोपायचं की नाही?"

"झोपा की. माझा नवरा भाजतोय वर, तुम्ही झोपा," इर्मा म्हणाली.

"उन्हाळा सगळ्यांनाच आहे बाई."

"तुमच्या डोक्यावर माझं घर आहे, पेरोना. माझ्या डोक्यावर काय आहे? सूर्य आहे!"

मतं पडली. अर्धे घरमालक इमारतीत राहतच नव्हते, त्यांनी पेरोनाच्या बाजूने हात वर केला आणि घड्याळ बघत निघून गेले. त्या दिवसापासून इर्मा पेरोनाशी बोलेनाशी झाली. जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघायची.

पुढचं जे घडलं त्या आठवड्यात मी इथे नव्हते, बहिणीकडे डोंगरात होते. ऑगस्टच्या मध्यावर शहरात राहतं कोण? दुकानांची शटरं खाली, रस्त्यात चिटपाखरू नाही. आमच्या इमारतीत उरले होते तीनच जीव, सहाव्या मजल्यावर दोन आणि पाचव्यावर एक. दोरीनाही गावी गेलेली. मला हे इर्माने नंतर सांगितलं, पेरोनानेही त्याच्या परीने सांगितलं. दोघांचं जिथे जुळलं तेवढं मी सांगते.

त्या दिवशी दुपारी रेमोचं अंग जास्तच तापलं होतं. बाटल्या वितळलेल्या, फ्रिजचा बर्फ संपलेला. दोन गल्ल्या पलीकडे एका चिनी बाईचा बार होता, तेवढा उघडा असायचा. ती इर्माला पिशवीभर बर्फ द्यायची. इर्माने रेमोच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं, पंखा त्याच्याकडे वळवला. "दहा मिनिटं," ती म्हणाली. फोन चार्जिंगला लावलेला होता तो तसाच राहिला.

रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. ती सावलीसावलीने गेली, बर्फ घेतला, बारवालीने वरून दोन पीच हातात कोंबले. परत आली, लिफ्टमध्ये शिरली, सहाचं बटण दाबलं. चौथा मजला गेला आणि पेटी एक हिसका देऊन थांबली. दिवा गेला. जिन्यातला दिवाही गेला. गरमीने आख्ख्या भागाची वीज गेली होती.

तिने आधी सगळी बटणं दाबली. मग घंटेचं. घंटा खाली दारापाशी जरा वेळ किणकिणली आणि रडत रडत बंद पडली. पेटीची लाकडी दारं तिने बोटं घालून उघडली. समोर अर्धी भिंत आणि वर जाळी. पाचव्या मजल्याची फरशी तिच्या हनुवटीच्या पातळीला. जाळीतून तिला एक पायपुसणं दिसत होतं, छत्र्या ठेवायची एक बरणी आणि पेरोनाचं बंद दार.

वीज गेली म्हणजे पंखा बंद. पंखा बंद म्हणजे गादीची मोटरही बंद. हे तिच्या डोक्यात एकापाठोपाठ एक आलं.

"पेरोना!" ती ओरडली. "अहो पेरोना!"

कोणी नाही. जिन्यात तिचाच आवाज वर जाऊन परत आला. ती ओरडत राहिली. घसा बसला. मग जाळीवर चपलेने बडवलं. पेरोनाच्या दारामागे काही हललं नाही. आणि मग तिला कळलं. हा माणूस दुपारी झोपताना कानातलं यंत्र काढून ठेवतो, हे तर सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. यंत्र काढलं की कानाशी तोफ उडाली तरी याला पत्ता नाही. आणि याच माणसाला डब्याची घरघर सहन होणार नव्हती! तिला त्या अंधारात इतका संताप आला, की ती म्हणते, हातात पीच होता तो तिने जाळीवर फेकून मारला. पीच फुटला आणि त्याचा रस तिच्याच तोंडावर उडाला.

वरून काही ऐकू येत नव्हतं. हेच सगळ्यात वाईट होतं. रेमो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

पिंजऱ्याचा वरचा भाग कौलांपर्यंत जातो, आणि तळमजल्यापासूनची सगळी गरम हवा त्यातूनच वर चढते. ती पेटी म्हणजे धुराड्यात अडकलेलं खोकं. इर्मा खाली बसली, बर्फाची पिशवी मांडीवर घेऊन. बर्फाचं पाणी व्हायला लागलेलं होतंच. तिने पिशवीच्या कोपऱ्यातून थोडं प्यायलं, थोडं मानेला लावलं.

आणि इथे तिला काय झालं ते तिने मला दोनदा सांगितलंय. पहिल्यांदा सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मी बसले ना," ती म्हणाली, "तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? कोणी मला हाक मारू शकत नव्हतं. कोणाला पुसायचं नव्हतं, वळवायचं नव्हतं, भरवायचं नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कुठे जाऊ शकत नव्हते आणि त्यात माझा दोष नव्हता. अंधार होता, मांडीवर गार होतं. मला वाटलं, असंच बसून राहावं. आणि मग मला वाटलं, तो वर मरत असेल आणि मी इथे बसून आराम करतेय. उठायला गेले तर पाय उठेनात."

ती किती वेळ तशी बसली होती तिला माहीत नाही. पेरोनाचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा ती भानावर आली आणि जाळीला धरून कशीबशी उभी राहिली.

पंखा थांबल्याने उकडून त्याची झोप मोडली होती. बनियन, अर्धी चड्डी आणि पायात सपाता, अशा थाटात तो बाहेर आला आणि जिन्यातल्या मीटरच्या पेटीशी जाऊन खुडबुड करायला लागला. तोंडाने पुटपुटणं चालूच. "वरच्या बाईने काहीतरी लावलं असणार. लावणारच. परवानगी कोण विचारतो!"

इर्माचं तोंड त्याच्या सपातांपासून हातभर अंतरावर होतं. तिने हाक मारली. त्याला ऐकू गेलं नाही. बसलेल्या घशातून आवाज तो काय येणार! तिने पिशवीत हात घातला, बर्फाचा खडा काढला आणि जाळीतून त्याच्या पायावर मारला.

पेरोनाने पाय झटकला. वर छताकडे बघितलं. तिने दुसरा मारला. तिसरा थेट सपातेत शिरला, तेव्हा तो एका पायावर नाचला आणि खाली वाकला. जाळीमागे केस विस्कटलेली, तोंडाला पीच लागलेली बोतेरोबाई. तो इतका दचकला की भिंतीला टेकला.

तिने कानाकडे बोट दाखवलं. त्याला समजलं. आत पळाला, यंत्र घालून आला, गुडघ्यावर बसला.

"बोला."

"रेमो एकटा आहे वर! पंखा बंद, गादी बंद. ही घ्या किल्ली."

त्याने किल्ली घेतली. उठायला लागला.

"थांबा! बर्फ घ्या. भांडं आणा काहीतरी."

तो पास्ता उकडायचं मोठं पातेलं घेऊन आला. पिशवी जाळीतून जाईना, म्हणून ती मुठी भरभरून बर्फ बाहेर ढकलत राहिली आणि तो पातेल्यात झेलत राहिला. अर्धा फरशीवर सांडला. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

"आणि ऐका," ती म्हणाली, "त्याला नुसतं पाणी पाजू नका. ठसका लागून फुप्फुसात जाईल. स्वयंपाकघरात निळा डबा आहे, त्यातली पावडर पाण्यात ढवळायची, घट्ट झालं की चमच्याने द्यायचं. ऐकलंत? नुसतं पाणी नाही!"

"ऐकलं. यंत्र घातलंय मी," पेरोना म्हणाला आणि पातेलं छातीशी धरून जिना चढायला लागला. जिना चढता चढता त्याने फोनवरून आग विझवणाऱ्यांना बोलावलं. तिकडून सांगितलं, आख्ख्या शहरात लिफ्ट अडकल्यात, येतो, वेळ लागेल.

वरचं दार उघडलं. मग बराच वेळ काही नाही. मग पेरोनाचा आवाज, अगदी वेगळाच, बारीक. "अरे देवा."

"काय झालं?" इर्मा ओरडली. "पेरोना! काय झालं?"

रेमो पलंगावरून अर्धा खाली घसरला होता. गादी पूर्ण बसली होती. चेहरा लाल, ओठ कोरडे, डोळे मिटलेले. पेरोना पंच्याहत्तरीचा माणूस, त्याला आयुष्यात कोणाला उचलायची सवय नाही. त्याने रेमोच्या काखेत हात घातले आणि तो स्वतःच त्याच्यासकट जमिनीवर बसला. मग त्याने ठरवलं की जमीनच बरी. फरशी पलंगापेक्षा गार होती. रेमोचे कपडे काढले, दारावरच्या चादरी ओढून बादलीत बुडवल्या आणि त्याच्याभोवती गुंडाळल्या. काखेत बर्फ, मानेखाली बर्फ. आणि सगळा वेळ इर्मा खालून ओरडून विचारतेय आणि तो वरून ओरडून सांगतोय.

"श्वास चालू आहे का?"

"आहे!"

"डोळे उघडलेत का?"

"नाही!"

"त्याच्याशी बोला! बोलत राहा!"

"काय बोलू? आमची काही ओळख आहे का?"

"काहीही बोला हो! भूमिती शिकवा!"

आणि पेरोना खरोखर बोलायला लागला. इर्माला खाली शब्द कळत नव्हते, फक्त एकसुरी गुणगुण ऐकू यायची, फळ्यापुढे उभं राहून बोलावं तशी. मध्येच तीही थांबली. चमचा भांड्यावर आपटल्याचा आवाज. मग खोकला. रेमोचा खोकला तिला हजारात ओळखू आला असता. एक ठसका, दुसरा, आणि मग शांतता.

ती म्हणते की त्या शांततेत तिने जाळी दोन्ही हातांनी धरली होती, आणि नंतर पाहिलं तर तळहातांवर जाळीचे वळ उठले होते. हाक मारायचं धाडस होईना. विचारलं आणि उत्तर आलं तर?

मग वरून आवाज आला. चिरका, पण खणखणीत.

"पुढे सरका, जागा आहे!"

"अहो, कुठे सरकू?" पेरोना ओरडला. "मागे भिंत आहे माझ्या!"

इर्मा हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मग दोन्ही एकदम, आणि तशीच पेटीत खाली घसरून बसली.

आग विझवणारे आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. त्यांनी वर जाऊन लिफ्टचं चाक हाताने फिरवलं आणि पेटी चौथ्या मजल्यावर आणली. दोघांनी धरून इर्माला बाहेर काढलं. "बसा मावशी, पाणी प्या," म्हणाले, पण तिने त्यांचे हात झटकले आणि कठड्याला धरून दोन मजले चढली.

बोळभर पाणी. त्यात रेमो ओल्या चादरीत गुंडाळून फरशीवर आडवा, डोळे उघडे. आणि त्याच्या डोक्याशी भिंतीला टेकून पेरोना, बनियन भिजून अंगाला चिकटलेलं, चेहरा लालबुंद, रेमोचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलेलं.

"निळा डबा सापडला का?" तिने विचारलं.

"सापडला. गाठी झाल्या पण."

"गाठी होतातच."

पेरोनाने छताकडे बघितलं. मग भिंतीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"मी कधी वर आलोच नव्हतो," तो म्हणाला. "एवढं तापतं हे मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," तो म्हणाला. "हो."

माफी वगैरे काही मागितली नाही. इर्माही तिची वाट बघत नव्हती. स्वयंसेवकांनी रेमोला खुर्चीला बांधून खाली नेलं, काही दिवस दवाखान्यात ठेवलं. तिथे गार हवा होती. इर्मा त्याच्या पलंगाशी खुर्चीत दोन दिवस नुसती झोपून होती, नर्सबाईंनी तिला उठवलंसुद्धा नाही.

मग उन्हाळा ओसरला, रेमो परत वर आला. सप्टेंबरच्या सभेत पेरोनाने स्वतःच एसीचा विषय काढला आणि हात वर केला. पण तोवर दुसऱ्याच एका मालकाला भिंतीच्या शोभेची काळजी लागली, मग नगरपालिकेचा परवाना, मग नकाशे. परवाना यायच्या आधी फेब्रुवारी आला. रेमो फेब्रुवारीत गेला, न्यूमोनियाने, बाहेर बर्फ पडत असताना. त्याला खाली आणताना पेरोना जिन्यात टोपी काढून उभा होता.

"मोकळी झालीस," असं लोक इर्माला म्हणाले. मीही म्हटलं असेन. ती म्हणाली, "मोकळी होऊन जाऊ कुठे?"

त्या उन्हाळ्यात एलिओने तिला बेल्जियमला नेलं. महिनाभर राहायचं ठरलं होतं, आठवड्यात परत आली. मी विचारलं, काय झालं?

"सगळं घर काचेचं," ती म्हणाली. "खिडक्यांना झडपा नाहीत! सूर्य सकाळी स्वयंपाकघरात येतो तो रात्री निजायच्या खोलीतून बाहेर पडतो. मी सुनेला म्हटलं, अगं, पडदे तरी ओढ. तर म्हणते, सासूबाई, वर्षभर ऊन मिळत नाही, आलंय तर येऊ दे. दहा वाजता मी घामाने भिजलेली, आणि ती म्हणतेय, किती छान दिवस आहे! तिथे मी दार उघडून बाहेर जाऊ शकत होते, पण बाहेर कोणाकडे जाणार? भाषा येत नाही. त्यापेक्षा आपला अंधार बरा."

आता ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. अजून सहाव्या मजल्यावरच राहते. मी तिला म्हणते, वरची जागा वीक, खालती कुठे घे, माझ्याकडे येऊन राहा. ती म्हणते, बघू. टेकडीकडची खिडकी उन्हाळ्यात दिवसभर बंदच असते, तरी तिला ती सोडवत नाही. दहा मिनिटांची सवयही गेलेली नाही. माझ्याकडे येते, बसते, आणि मध्येच ताडकन उठते. उठल्यावर तिला आठवतं की उठायची गरज नव्हती. मग उभ्या उभ्या कॉफी छान होती वगैरे काहीतरी बोलते आणि निघून जाते.

गेल्या ऑगस्टात मी डोंगरात गेले नाही, बहिणीची तब्येत बरी नव्हती. सगळी इमारत रिकामी. एका दुपारी घरात बसवेना म्हणून मी जिना चढत चढत वर गेले. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधल्या वळणावर भिंतीत एक झरोका आहे, तिथे बारीकशी झुळूक येते. इतकी वर्षं राहून मला ते माहीत नव्हतं. तिथे स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या टाकलेल्या होत्या. एकीवर इर्मा, पाय पाण्याच्या टबात. दुसरीवर पेरोना, बनियनवर, हातात वर्तमानपत्राचा पंखा.

"खुर्ची झरोक्याच्या तोंडाशी ओढलीत तुम्ही पुन्हा," इर्मा म्हणाली. "सगळी हवा तुम्हालाच."

"माझा आक्षेप आहे," पेरोना म्हणाला. "कालपासून आहे तिथेच आहे."

मला बघून इर्माने टबातून पाय काढले आणि पायरीवर माझ्यासाठी जागा केली. मी बसले. पायरीचा दगड गार होता. संध्याकाळ व्हायला अजून खूप अवकाश होता.